ऐकणारा जिथे उभा आहे तिथून: सुवार्ता सांगण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उपासनेनंतर चहा घेताना, घरसंगतीत, कधी रात्री साडेनऊला फोनवर, असे हे प्रश्न येत राहतात. विचारणारे बहुतेक इंदूरचेच मराठी ख्रिस्ती आहेत. कोणाचे आजोबा अहमदनगरकडून गिरणीत कामाला आले, कोणी लग्न होऊन इथे आली. शेजार मराठी हिंदू घरांचा, आणि तो शेजार दोन-दोन पिढ्यांचा. मनातलं सांगायचं तर आहे, पण शेजार तुटेल ही भीतीही आहे. एकाच प्रश्नाला दहा वेळा तेच उत्तर देण्यापेक्षा ते इथे लिहून ठेवते.

१. "ऐकणारा आहे तिथून सुरुवात करा" असं तुम्ही म्हणता. म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रेषितांची कृत्ये उघडा आणि अध्याय १३, १४ आणि १७ एका बैठकीत वाचा. माणूस एकच, पौल. पिसिदियातल्या अंत्युखियात तो सभास्थानात उभा आहे. समोर शास्त्र जाणणारे लोक आहेत, म्हणून तो मिसरातून सुटलेल्या इस्राएलापासून आणि दाविदापासून बोलायला लागतो. लुस्त्रात समोर शास्त्र न वाचलेली माणसं आहेत. तिथे दाविदाचं नावही नाही. तिथे तो पावसाबद्दल, पिकाबद्दल आणि पोटभर अन्नाबद्दल बोलतो. अथेनैत तो आधी शहर पायी फिरतो, "अज्ञात देवाला" असं लिहिलेली वेदी बघतो आणि तिच्यापासून सुरुवात करतो. तिथे त्यानं आधार घेतला तोही त्यांच्याच कवींच्या ओळींचा.

सांगायचं ते एकच होतं, पण सुरुवात तीन ठिकाणी तीन प्रकारची. आपण मात्र समोर कोणीही असो, "आदाम आणि हव्वा यांनी पाप केलं" इथूनच गाडी सोडतो.

२. मग लोकांना रुचेल तेवढंच सांगायचं का? यानं सुवार्ता पातळ होत नाही का?

होऊ शकते, आणि होते तेव्हा मला वाईट वाटतं. सलोख्याच्या नावाखाली वर्षानुवर्षं फक्त "देव प्रेम आहे" एवढंच बोलणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात वधस्तंभही येत नाही आणि पुनरुत्थानही येत नाही.

अथेनैतलं भाषण शेवटपर्यंत वाचा. मेलेला उठला हे सांगताच काही जण हसले. ते हसतील हे पौलाला माहीत नसेल असं मला वाटत नाही. तरी त्यानं ते वाक्य गाळलं नाही. काही म्हणाले, पुन्हा कधीतरी ऐकू. दियोनुस्य आणि दामारी यांच्यासारख्या मोजक्यांनी विश्वास ठेवला. सुरुवात ऐकणाऱ्याच्या दारातून करायची, पण जायचं कुठे आहे ते ख्रिस्तानं ठरवलेलं आहे. तिथवर न्यायचंच नसेल तर त्या दारात जाऊन काय उपयोग?

३. पहिलं वाक्य काय बोलायचं? मला सुचतच नाही.

पहिलं वाक्य बहुतेक वेळा आपलं नसतंच. अम्माऊसच्या वाटेवर येशूनं आधी विचारलं, तुम्ही कशाबद्दल बोलत चालला आहात? विहिरीवर त्यानं शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं. रथात बसलेल्या कूशी अधिकाऱ्याला फिलिप्पानं विचारलं, वाचताय ते समजतंय का? तिन्ही ठिकाणी आधी प्रश्न नाहीतर मागणंच आलं.

माझ्याच घरासमोरची गोष्ट सांगते. रामबागेत आमच्या समोर एक काकू राहतात. सहा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. अशा दिवशी शेजारून पिठलं-भात जातो. आमच्याकडचं त्या घरात चालेल की नाही, या विचारात मी अर्धा तास ओट्याशी उभी राहिले आणि शेवटी थर्मास भरून चहा नेला. काकूंच्या जावेनं तो न बोलता सगळ्यांना ओतून दिला. तेरा दिवस मी रोज थर्मास नेला. तोंडातून धर्माचा एक शब्द काढला नाही.

चौदाव्या दिवशी काकू अंगणात तुळशीपाशी बसल्या होत्या. त्यांनीच विचारलं, "तुमच्यात दहावं-तेरावं नसतं ना गं? मग माणूस गेल्यावर तुम्ही करता तरी काय?" मी म्हटलं, "काकू, आम्ही रडतो. आणि येशूसुद्धा रडला होता, त्याचा मित्र गेला तेव्हा." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "रडला? देव असून?" मी लाजराची गोष्ट सांगितली. पुढच्या पाच मिनिटांत आपण त्याला उठवणार हे ठाऊक असूनही तो बहिणींसोबत रडला, हेही सांगितलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात स्वतःहून म्हणाल्या, "ती रडण्याची गोष्ट पुन्हा सांग."

लाजरापासून सुरुवात करायची असं मी काही घरून ठरवून निघाले नव्हते. काकूंनी जे दार उघडलं तिथे ती गोष्ट बसली.

४. आमचे ख्रिस्ती शब्द त्यांना कळतात का?

निम्मे कळत नाहीत, आणि उरलेले भलत्याच अर्थानं कळतात. यावर जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथेच होतात.

"तारण" म्हटलं की आपल्याला ख्रिस्त आठवतो, आणि बँकेच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला तारण ठेवलेले दागिने. "नवा जन्म" म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात चौऱ्यांशी लक्ष योनींचा फेरा सुरू होतो. आपण सुटकेबद्दल बोलतोय, त्याला मात्र आणखी एक जन्म ऐकू येतो. निकदेमही तिथेच अडखळला होता. योहानाच्या तिसऱ्या अध्यायातल्या मूळ ग्रीक शब्दाचे "पुन्हा" आणि "वरून" असे दोन्ही अर्थ होतात. "वरून, देवाकडून मिळणारं जीवन" असं सांगितलं की गाठ सुटते. "पवित्र आत्मा" म्हणताना "देवाचा आत्मा, जो माणसात राहतो" एवढं जोडा. "रक्तानं धुतलं" आणि "देवाचं कोकरू" हे शब्द शाकाहारी घरात पहिल्या दिवशी काढू नका. आधी निर्गमातली वल्हांडणाची रात्र, कोकराच्या रक्तामुळे इस्राएलाची घरं वाचली ती, गोष्ट म्हणून सांगा, मग ते शब्द आपोआप जागेवर बसतात.

"कृपा" मात्र समजावून सांगावी लागत नाही. तो शब्द या घरांत रोजचा आहे.

आणि "पाप"? हा शब्द ऐकला की लोकांना एक तर चोरी-दारू आठवते, नाहीतर विटाळ. मी व्याख्या देत बसत नाही, लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या दोन भावांची गोष्ट सांगते. "बाप धडधाकट जिवंत असताना धाकट्यानं वाटणी मागितली," एवढं म्हटलं की खोली शांत होते. वाटणी म्हणजे काय ते आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. कोणी वाड्याच्या दोन खोल्यांवरून भावाशी अबोला धरलेला असतो, कोणाची आई सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे. वाटणी मागणं म्हणजे "बाबा, तुम्ही मेलात तरी चालेल" असं म्हणणं, हे मला समजावून सांगावं लागत नाही. मग थोरला येतो. घरी राहून राबणारा, आणि धाकटा परतल्यावर आत यायला तयार नसलेला. ज्यांची भावंडं पुण्याला नाहीतर अमेरिकेला गेली आणि जे इथे राहून आईवडिलांचं करताहेत, त्यांचा चेहरा इथे बदलतो. बाप त्या थोरल्यालाही समजवायला बाहेर येतो. पाप आणि कृपा हे दोन्ही शब्द न उच्चारता मी अर्धा तास त्यांच्याचबद्दल बोललेली असते.

५. शेजारी दत्तभक्त आहेत, काही वारकरी आहेत. त्यांच्या अभंगांचा, स्तोत्रांचा आधार घ्यावा का?

नारायण वामन टिळकांकडे बघा. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. गप्पा सुरू झाल्या त्या कवितेवरून, कारण समोर कवी बसला होता. निघताना त्या गृहस्थानं नवा करार हातात दिला. टिळकांना डोंगरावरच्या प्रवचनानं धरून ठेवलं, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांनी तुकोबांना मागे टाकलं नाही. अभंगातच ख्रिस्ताला गायलं. त्यांच्या कितीतरी आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली होती. पुराण ऐकणाऱ्यांना पुराणाच्या घाटातच ती पोचेल हे त्यांनी ओळखलं होतं.

पण एक सांभाळा. दत्तभक्त संत नानामहाराज तराणेकरांच्या परंपरेमुळे इंदूरच्या अनेक मराठी घरांत दत्ताची करुणात्रिपदी म्हटली जाते. अपराध झाले आहेत, तरी कोप आवरावा, अशी ती विनवणी आहे. ती ऐकताना माझ्या मनात येतं, क्षमेची भूक या घरात आधीपासूनच आहे. मात्र "तुमच्या स्तोत्रात खरं तर आमचा येशूच आहे" असं मी कधीच म्हणत नाही. ते खोटं आहे, आणि दुसऱ्याच्या देवघरातली वस्तू उचलण्यासारखं आहे. "काकू, हे म्हणताना तुमच्या मनात काय येतं?" असं विचारावं. पूल असेल तर त्यांच्या उत्तरात तो दिसेल.

६. "येशूही एक अवतारच. आमच्या देवघरात त्याचाही फोटो आहे," असं म्हणतात. काय उत्तर द्यावं?

आधी आनंद मानावा. कोणी येशूला घरात जागा दिली आहे, यात चिडण्यासारखं काय आहे? फोटो काढून टाका असं पहिल्या दिवशी सांगणाऱ्याला दुसऱ्या दिवशी त्या घरात कोणी बोलवत नाही.

फरक मात्र लपवू नका. गीतेतला अवतार साधूंचं रक्षण आणि दुष्टांचा नाश करायला येतो. येशू म्हणतो, मी हरवलेल्यांना शोधून वाचवायला आलो. तो दुष्टांच्या पंगतीला बसला, आणि शेवटी दोन चोरांच्या मधे टांगला गेला. आणि नवा करार सांगतो की तो एकदाच आला, आणि हे एकदाच पुरेसं आहे. हा फरक शांतपणे सांगितला तर ऐकणारा स्वतःच म्हणतो, "मग हा वेगळाच दिसतोय." "सगळे धर्म सारखेच" म्हणणाऱ्यांनाही मी हेच उत्तर देते, वाद घालण्यापेक्षा येशूच्या एका गोष्टीवर बोलणं बरं.

७. "मागच्या जन्मीचं भोगतेय" असं आजारी माणूस म्हणतो तेव्हा?

योहान, अध्याय ९. शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हाच प्रश्न विचारला होता: पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणाला, कोणाचंच नाही. कर्मसिद्धान्तावर व्याख्यान देऊ नका. ज्या बाईला सगळे "तुझंच काहीतरी असेल" म्हणत आले आहेत तिला ही एक ओळ वाचून दाखवा आणि गप्प बसा. बरं होईलच असं वचन देऊ नका. ते आपल्या हातात नाही (प्रश्न १० सुद्धा पाहा).

८. हळदीकुंकू, गणपती, सत्यनारायण. जायचं का? प्रसाद घ्यायचा का?

जायचं. ज्यांच्या सुखात आपण कधी दिसत नाही त्यांना आपली साक्ष कशाला ऐकावीशी वाटेल? संक्रांतीचा तिळगूळ मी घेते आणि देतेही. पूजेत मात्र सामील होत नाही, प्रसाद घेत नाही. यावर ख्रिस्ती लोकांत दोन मतं आहेत. मी करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायाला धरून चालते: वाढलेलं निमूटपणे खावं, पण "हे देवतेला अर्पण केलेलं आहे" असं कोणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नये.

नाही म्हणायची मात्र रीत असते. मोदकाचं ताट पुढे आल्यावर तोंड फिरवू नका. हात जोडून म्हणा, "काकू, जेवायला मी पोटभर बसणार आहे, प्रसाद तेवढा माझ्यासाठी राहू द्या. माझं तुम्हाला ठाऊक आहे." आणि खरंच पोटभर जेवा, नंतर भांडी विसळायला उभ्या राहा.

९. मराठीत बोलावं की हिंदीत?

आपली पोरं एका वाक्यात दोन्ही भाषा वापरतात. "भिया, चल ना" म्हणणाऱ्या मुलाशी शुद्ध ग्रांथिक मराठीत बोललात तर तो पोहे-जिरावणकडेच बघत राहील. पण त्याचीच आजी रुग्णालयात असेल तेव्हा तो मराठीतच रडतो. पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या जन्मभाषेत ऐकलं. माणूस घाबरला की कोणत्या भाषेत बोलतो ते ऐका आणि त्याच भाषेत प्रार्थना करा.

१०. कायदा काय म्हणतो? विश्वासाबद्दल बोलणं गुन्हा आहे का?

संविधानाचं कलम २५ धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क देतं. १९७७ साली मध्यप्रदेशातूनच गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क नव्हे.

आपल्या राज्यात १९६८ पासून याबद्दल कायदा आहे, आणि आता मध्यप्रदेश धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम, २०२१ लागू आहे. बळजबरी, फसवणूक किंवा प्रलोभन दाखवून केलेलं धर्मांतर हा गुन्हा आहे. शिक्षा १ ते ५ वर्षं आणि किमान २५,००० रुपये दंड. ती व्यक्ती स्त्री, अल्पवयीन किंवा अनुसूचित जाती-जमातीतली असेल तर २ ते १० वर्षं आणि किमान ५०,००० रुपये दंड. ज्याला धर्म बदलायचा आहे त्यानं आणि विधी करणाऱ्यानं ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे कलेक्टरना, कळवायचं असतं. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, म्हणून प्रत्यक्ष प्रसंगी वकिलाला विचारूनच पाऊल टाका. वडोदऱ्याच्या नातेवाइकांना आपले नियम सांगू नका. गुजरातचा कायदा २००३ चा आहे, त्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली, आणि तिथली पद्धत वेगळी आहे.

आता कायदा बाजूला ठेवून बोलते. किराण्याच्या पिशवीत पत्रक घालू नका. शाळेची फी भरायची तर भरा, आणि त्या दिवशी येशूचं नाव काढू नका. "प्रार्थनेला आलात तर नोकरी लागेल" हे कायद्यानं चूक आहेच, पण त्याआधी ते देवाच्या नावानं केलेलं खोटं आहे. भुकेल्याच्या "हो" वर आपण विश्वास ठेवू शकत नाही, आणि त्यालाही स्वतःच्या "हो" बद्दल पुढे खात्री राहत नाही.

११. शिकवणीला येणारी मुलं येशूबद्दल विचारतात. सांगू का?

"तुझ्या आईला विचार, ती हो म्हणाली तर मी तिला आणि तुला दोघांना सांगेन." एवढंच. आईबापांच्या पाठीमागे मुलांशी धर्माबद्दल बोलायचं नाही. कायद्याचं वर सांगितलंच आहे, पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. माझ्या मुलाशी कोणी असं केलं असतं तर मला चाललं नसतं.

१२. एका ताईंना बाप्तिस्मा हवा आहे, नवरा तयार नाही. घर सोडायचं का?

नाही. पौल करिंथकरांना स्पष्ट लिहितो: विश्वास न ठेवणारा जोडीदार सोबत राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये (पहिलं पत्र, अध्याय ७). टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ ला झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षं त्या घरानं काय सोसलं ते मराठी वाचकाला सांगायला नको. आपण घाई केली की ती किंमत दुसरं कोणीतरी मोजतं.

बाप्तिस्म्याआधी तिला सगळं उघड सांगा: ६० दिवसांची सूचना, घरातले प्रश्न, आणि ती अनुसूचित जातीची असेल तर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती झाल्यावर तो दर्जा आणि सवलती राहत नाहीत हेही. (अनुसूचित जमातींना तो आदेश लागू नाही.) हे लपवून दिलेला बाप्तिस्मा मला मान्य नाही. येशूनं बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितलं होतं.

१३. ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला म्हणतात.

केरळात तो इंग्रजांच्या कितीतरी शतकं आधीपासून आहे. इंदूर तर होळकरांचं संस्थान होतं. इथे १८७७ साली आलेलं मिशन कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन लोकांचं. तरी समोरच्याच्या मनातली बोच खरी आहे. काही मिशनऱ्यांनी इथल्या माणसांना कमी लेखलं, हे मान्य करा आणि मग पुढे बोला.

१४. ऐकून "नको" म्हणाले. किंवा वर्षं गेली, काहीच झालं नाही. पुढे काय?

"नको" म्हणजे नको. विषय पुन्हा काढू नका, येणं-जाणं तेवढंच ठेवा. पेत्र सौम्यतेनं आणि आदरानं उत्तर द्यायला सांगतो, तेही कोणी विचारलं तर.

प्रश्न ३ मधल्या काकू ख्रिस्ती झाल्या का, असं मला हमखास विचारतात. नाही. गुरुवारी त्या दत्ताच्या देवळात जातात. यजमानांच्या वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी मात्र मला बोलावून घेतात, आणि आम्ही दोघी तुळशीपाशी बसून योहानाचा अकरावा अध्याय वाचतो. गेल्या वर्षी त्यांनी तो स्वतःच मोठ्यानं वाचला. "येशू रडला" इथे थांबल्या, चष्मा पुसला, आणि पुढचं वाचायला पुस्तक माझ्याकडे दिलं.